आबांच्या मापाचा थंड चहा

आबा कधीही 'एक' म्हणत नसत. मोजायला लागले की पहिला आकडा 'लाभ', मग दोन, मग तीन. आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढताना लाभ, दोन, तीन. तळहातावर गोळ्या घेताना लाभ, दोन. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "आबा, तुम्हाला मुलं किती?" तर म्हणाले, "लाभ." एकच मुलगा होता, सुरतेला.

जन्मभर मार्केट यार्डात मापाडी होते, त्यामुळे हे असं. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही त्या लोकांची जुनी रीत. पुढे पायली गेली, तराजू गेला, लाल आकड्यांचा इलेक्ट्रिक काटा आला, आणि त्यानंतर काही वर्षांनी आबाही निवृत्त झाले. पण रीत अंगातून गेली नाही. दुसरी एक सवय तर त्याहून खोल रुतलेली. माप भरून झालं की वर एक मूठ टाकायची. घेणाऱ्याने बघितलं न बघितलं, टाकायची. "हे वरचं," ते म्हणत, "हे मापात धरायचं नाही."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, जो निवृत्त होतो पण ज्याचे हात निवृत्त होत नाहीत. जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीत आबा होते. समोरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःची भाकरी स्वतः थापत आणि आम्हाला ठेचा आणून देत. वाटीभर ठेचा आणि वर पुन्हा चमचाभर, तो मापात न धरायचा. तो वरचा चमचा दुसऱ्या दिवशी सकाळी मला नेमका आठवत असे.

मूळचे पारोळ्याकडचे. आमच्याशी बोलताना सरळ मराठीत बोलत, पण हट्टाला आले की अहिराणीत जात. त्यामुळे आमच्या घरात आबांचं बोलणं कानावर आलं की माझी बायको आधी भाषा ऐकायची आणि मग ठरवायची की वाद घालण्यात अर्थ आहे की नाही.

त्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्याने तर फक्त उजेड आणि अंधार कळायचा. एक दिवस त्यांनी पातेलं ठेवलं एका शेगडीवर आणि पेटवली शेजारची. बाही जळली. हात वाचला. सुरतेच्या मुलाला हे कळलं आणि त्याने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, जूनअखेरपर्यंत ऑपरेशन झालं तर ठीक. नाही झालं तर मी गाडी घेऊन येतो. खोल्या रिकाम्या करू. आता तुम्ही एकटे राहायचं नाही."

मुलगा वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पण तो सातव्या मजल्यावर राहायचा, आणि आबा तिथे आठ दिवस राहून आले की पुढचे पंधरा दिवस बोलत नसत. "सातवा मजलावर मानूस कसा राहस?" ते मला विचारत. "खाली बघं तं मानूस मुंगीएवढा. कोनले हाक मारानी?"

फोन ठेवून ते आमच्याकडे आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माले सुरतले नही जानं."

बायकोने भाषा ऐकली आणि मला खुणेने सांगितलं, गप्प बस.

आता अडचण अशी की डोळ्यांचे डॉक्टर ऑपरेशन करायला तयार होते, आबांची साखर तयार नव्हती. दोनदा दवाखान्यातून परत यावं लागलं. दुसऱ्या वेळी मी स्कूटरवर घेऊन गेलो होतो. उपाशीपोटीची साखर दोनशे एकाहत्तर. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात 'दीडशेच्या आत' असं लिहून दिलं, गोळ्या वाढवून दिल्या आणि विचारलं, "आबा, खाता काय तुम्ही?"

"काहीच नाही," आबा म्हणाले. खोटं नव्हतं ते. भात सोडला होता. जिलबी सोडली होती. जळगावात राहून केळं सोडलं होतं, याहून अधिक काय सोडणार? चहासुद्धा, दिवसाचे दहाबारा कप पिणारा माणूस, दुधाचा चहा सोडून बसला होता.

"मग चहाऐवजी काय?" मी घरी आल्यावर विचारलं.

आबा आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. मार्चमध्ये सुरतेला गेले असताना सुनेने उंच ग्लासात बर्फ घालून लिंबाचा थंड चहा दिला होता. आबांना तो इतका आवडला की तसली चार पाकिटं ते घेऊन आले. त्यांचा हिशेब सरळ होता. यात दूध नाही, लिंबू आहे, गरम नाही, थंड आहे. म्हणजे पथ्याचंच. एप्रिलच्या जळगावात, जिथे दुपारी भिंतीला पाठ टेकवता येत नाही, तिथे ते दिवसाला सहासहा ग्लास औषध म्हणून पीत होते.

मी चष्मा काढला. हल्ली जवळचं वाचायला चष्मा काढावा लागतो आणि लांबचं बघायला घालावा लागतो, त्यामुळे मी दिवसभर चष्म्याशीच खेळत असतो. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात घटक लिहिले होते. पहिलाच शब्द होता साखर.

"बठ्ठी साखरच शे का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. थोडा चहापण आहे."

आबांनी पाकीट माझ्या हातून घेतलं आणि एकदा हुंगलं. मग उरलेली दोन पाकिटं त्यांनी माझ्या हातात दिली. "तू पिऊन टाक. तुले काय धाड भरनी शे." मी पिऊन टाकली. फुकटचं होतं आणि ऊन होतं. याचे परिणाम पुढे येतील.

आबांनी त्याच दिवशी ठरवलं. थंड चहा प्यायचा, फळाच्या वासाचाच प्यायचा, पण घरी करायचा आणि साखरेचा कण न घालता करायचा. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता, माठ होता. म्हणून प्रयोगशाळा आमच्या स्वयंपाकघरात आली. बायकोला ते 'माय' म्हणत. "माय, जरा फ्रिज उघड," असं दिवसातून आठ वेळा ऐकू येऊ लागलं.

पहिला चहा त्यांनी नेहमीसारखाच केला. भुकटी टाकून खळखळ उकळवला, गार केला, लिंबू पिळलं. आम्ही तिघांनी घोट घेतला. माझी जीभ चपलेच्या तळासारखी झाली. आबांनी मात्र अख्खा ग्लास संपवला आणि म्हणाले, "ह्यापेक्षा सुरत बरी." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चहा गरम असतानाच फ्रिजमध्ये गेला आणि गढूळ होऊन बाहेर आला. तिसऱ्या दिवशी आबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आपल्या जळगावचं फळ घालून बघायचं का?" म्हणजे केळं. खायचं तेवढं सोडलं होतं, चहात घालणं त्यात बसत नव्हतं. बायको मंडईत गेलेली. आम्ही दोघांनी अर्धं केळं कुस्करून चहात टाकलं. जे झालं त्याला रंग होता पण नाव नव्हतं. बायको आली, तिने पातेल्यात बघितलं आणि विचारलं, "हे कोणत्या भिंतीला लावायचंय?"

तेव्हापासून सूत्रं तिने हातात घेतली. माझी बायको कुठलंही काम मी बिघडवल्यानंतरच हातात घेते, तिचा तो नियम आहे. तिने भुकटी काढून मोठ्या पानांची चहापत्ती आणली. उकळायचं बंद केलं. काचेच्या बरणीत माठाचं पाणी, त्यात चहापत्ती, चमचाभर बडीशेप आणि मिठाचा एक खडा, आणि बरणी सकाळपासून दुपारपर्यंत फ्रिजमध्ये. "गार पाण्यात चहा सावकाश उतरतो, कडू होत नाही," ती म्हणाली. "आणि कडू नसलं की गोडाची आठवण येत नाही."

बडीशेपेने खरंच एक गोडसर झाक आली. राहिलं फळ.

आणि फळ आबांना सापडलं. गल्लीच्या तोंडाशी रसवाला मोसंबीच्या सालींची टोपली भरून बाजूला ठेवतो. आबा तिथून जाताना थांबले, नाक खाली केलं आणि तसेच परत आले. "माय, आपण चुकतो," ते म्हणाले. "वास सालीत आहे. साखर आत आहे. मी यार्डात चाळीस वर्षं खरबुजं बाहेरून हुंगून सांगितली, पिकलं का नाही ते. चाकू कधी लावला नाही. आपल्याला आतलं पाहिजेच कशाला?"

मग त्यांनी सालींचा सपाटा लावला. मोसंबीची साल, पण आतला पांढरा भाग खरवडून, कारण तो कडू. लिंबाची साल. मे महिन्यात कैरीची साल, जी आम्ही आजवर फेकून देत होतो. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने चाचपत सोलायचे. नखात पांढरं लागलं की कळायचं अजून खरवडायचंय. कैरीच्या सालीचा चहा सगळ्यांत जमला. आंबूस, पाण्यासारखा हलका, आणि गिळल्यावर घशात कच्च्या आंब्याची आठवण ठेवून जाणारा. शेवटी लिंबू पिळलं की चहाचा तांबूसपणा एका क्षणात उजळतो. बायको पिळायची आणि आबा बरणीकडे तोंड करून विचारायचे, "बदलला का रंग?" मी म्हणायचो, "बदलला." ते समाधानाने मान हलवायचे.

यार्डात त्यांचं रोजचं जाणं अजून होतंच. काम नसताना जायचे, माणसं भेटायला. तिथे प्रत्येक गाळ्यावर चहा पुढे येतो आणि नाही म्हटलं तर गाळेवाल्याचं तोंड उतरतं. आबांनी यावर उपाय काढला. दोन लिटरची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची, आणि चहा पुढे आला की आधी आपलाच ग्लास समोरच्याच्या हातात द्यायचा. "आधी माझा घे." त्याने नाही म्हटलं तर आबांचं तोंड उतरायचं. एक कांद्याचा व्यापारी तर म्हणे बाटली येण्याची वाट बघायला लागला. त्यालाही साखर होती, फक्त त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

इतकं सगळं करून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो. दोनशे आठ.

कमी झाली होती, पण दीडशे अजून दूर होते आणि महिनाअखेर जवळ. आबा स्कूटरवर मागे बसून बोटांवर उरलेले दिवस मोजत होते. मी वेगळ्याच विचारात होतो, कारण त्या दिवशी एक वेगळी भानगड झाली होती. रक्त घेणाऱ्या मुलाने, "काका, तुमचीपण बघू का, मोकळाच आहे," असं म्हणून माझंही बोट टोचलं होतं. माझा आकडा आबांपेक्षा जास्त निघाला. दोन पाकिटांपासून सुरू झालेला माझा थंड चहाचा शौक मी नंतर स्वखर्चाने चालू ठेवला होता, ऑफिसच्या कपाटात. हे मी बायकोला संध्याकाळी सांगणार होतो. आबांनी दारातच सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी इथे लिहीत नाही. पण त्यानंतर तिने आम्हा दोघांनाही समोर बसवलं आणि दिवसभरात तोंडात काय काय जातं ते बघायला सुरुवात केली. दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी आबा चहा गाळत होते. कैऱ्या आता संपत आल्या होत्या आणि जांभळं सुरू झाली होती. त्यांचा गर चवीपुरता, दोन चमचे, असं ठरलं होतं. आबांनी घातला. लाभ, दोन. दोन्ही चमचे शिगोशीग, डोंगरासारखे. आणि मग बोटांनी अजून थोडा उचलून वर टाकला.

"आबा, हे काय?"

"वरचं आहे ते. मापात नाही."

"आणि काल भाकरी किती खाल्ली?"

"दीड."

"दीडच?"

"दीड. आणि वर चतकोर."

"यार्डात दुधाचा चहा?"

"बंद आहे. एखादा घोट, त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून."

"किती गाळ्यांवर?"

आबा मोजायला लागले. लाभ, दोन, तीन. सातावर थांबले.

बायको हळू आवाजात म्हणाली, "आबा, ते वरचं तुम्ही धरत नाही. पण अंग धरतंय. त्याच्याकडे लाल आकड्यांचा काटा आहे."

मला वाटलं आबा हसतील. ते हसले नाहीत. चमचा खाली ठेवला. "माय, मी जन्मात कुणाला कापून माप दिलं नाही," ते म्हणाले. "लोक म्हणायचे, माल त्याच्याच काट्यावर टाका, त्याचा हात आखडता नाही. आता म्हातारपणी बोटाने चमचा कापू?" मग उठले, पायऱ्या मोजत उतरले आणि गेले.

दोन दिवस आले नाहीत. समोर दार उघडं दिसायचं, पण आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून. बायकोने डबा पाठवला, तो रिकामा होऊन आला, निरोप नाही. मी तिला म्हणालो, तू जरा जास्तच बोललीस. ती म्हणाली, "मग तू जा आणि सुरतेची बॅग भरून दे त्यांची." मी गेलो नाही. माझा स्वभाव असा आहे की दोन माणसांत वाद झाला की मी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. ओट्यावर बसले नाहीत, सरळ आत गेले. बरणी काढली, चमचा काढला, गर भरला. डाव्या हातात चमचा धरून उजव्या हाताचा अंगठा त्यांनी काठावरून सावकाश फिरवला. वरचा ढीग वाटीत पडला. पुन्हा अंगठा फिरवून चाचपलं, कुठे उंचवटा राहिला का. दिसत नव्हतं ना. मग चमचा बायकोपुढे धरला.

"बघ माय. कापलं का नीट?"

"कापलं, आबा."

"दुसऱ्याले दिलं तं वरचं द्यानं," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "स्वताले घिदं तं कापीसन घेनं. हाई माले कोनी सांगंच नही."

पुढचे दोन-अडीच आठवडे त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला जरा भीती वाटली. भाकरी एक. चतकोर नाही. ताटात एक घास उरला तरी ते दोन्ही हात मागे घ्यायचे. यार्डात गेले की घोट नाही, फक्त स्वतःची बाटली. एका गाळेवाल्याने रागावून विचारलं, "आबा, आमचा चहा विटला का?" तर म्हणाले, "नाही रे. माझा काटा बदलला." सकाळी मेहरूण तलावाच्या कडेने चालायला लागले, डोळ्यांना दिसत नाही म्हणून माझा दंड धरून. त्यामुळे मलाही चालावं लागलं. मी गेली नऊ वर्षं सोमवारपासून चालायला जाणार होतो. तो सोमवार त्यांनी आणला. गर दोन सपाट चमचे, वरचा नाही, असा चहा आम्ही दोघेही पीत होतो, आणि बायको दोघांचे चमचे बघत होती.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मुलगा गाडी घेऊन आला. खोल्यांकडे बघत उभा राहिला, घरमालकाशी बोलला. बायकोने त्याला जांभळाचा थंड चहा दिला. त्याने घेतला, आणि तपासणीला आम्ही तिघं त्याच्याच गाडीतून गेलो. आबांनी खिशातला डॉक्टरांचा जुना कागद काढून हातात धरला होता. वाचता येत नव्हता, पण धरला होता.

साखर निघाली एकशे चौपन्न.

मी आनंदाने मुलाचा खांदा दाबला. मुलगाही हसला. त्याच्याही मनात सुरत नव्हती, भीती होती. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आबा, कमाल केलीत. चार जास्त आहेत, ते चालतील. सोमवारी या ऑपरेशनला."

"चालणार नाही," आबा म्हणाले.

डॉक्टरांना कळेना. मला कळलं.

"तुम्ही दीडशेच्या आत लिहिलंत. हे चार वरचे आहेत. मला आठ दिवस द्या, मी कापून आणतो."

"अहो, चारने काही होत नाही."

"तुमचं नसेल होत. माझं होतं."

मुलगा वैतागला. "बाबा, हट्ट पुरे आता. डॉक्टर हो म्हणतायत, तुम्ही नाही म्हणता? मला रजा नाही. मी पुन्हा कसा येऊ?"

आबा त्याच्या आवाजाच्या दिशेने वळले. "आठ दिनमा ये. मी दीडशेना वर ऱ्हायनू तं काहीच बोलाव नही. डिकीमा बसीसन येस तुनासंगे." मग डॉक्टरांसाठी मराठीत म्हणाले, "तुम्ही मला सूट द्याल साहेब. पण मी एकदा वरचं धरलं नाही, की पुन्हा धरणार नाही. माझं मला माहीत आहे."

डॉक्टरांनी कागदावर नवी तारीख घातली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी सकाळी या. उपाशीपोटी."

मुलगा रिकामी गाडी घेऊन सुरतेला गेला. जाताना बायकोकडून चहाची कृती लिहून घेऊन गेला. तिने 'सपाट चमचा' या शब्दाखाली दोन रेघा ओढून दिल्या.

पुढच्या शनिवारी मुलगा आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. साखर एकशे एकोणचाळीस. आबांनी आकडा तीनदा म्हणून घेतला, मग कागदाची घडी करून मुलाच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. तो कागद मुलाने अजून ठेवला आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. आबांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा छताच्या पंख्याकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. त्यांचे ओठ थरथरले. मला वाटलं काहीतरी हळवं बोलणार, म्हणून मी जवळ गेलो.

"तू इतला जाड कव्हय व्हयना, भो?"

त्यानंतर आबा अडीच वर्षं त्याच दोन खोल्यांत राहिले. दुसराही डोळा झाला. मुलगा दिवाळीला येत राहिला, न्यायला नाही, राहायला. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी जेवण करून आबा खाटेवर आडवे झाले आणि उठले नाहीत. खोल्यांना आता कुलूप आहे. घरमालक भाडेकरू शोधतो आहे आणि त्या दारातून दुसरं कुणी बाहेर येईल ही कल्पना मला अजून जमत नाही. माझी साखर आटोक्यात आहे, चालणं सुटलेलं नाही. फक्त तलावाच्या कडेने जाताना दंड मोकळा राहतो, त्याचं काय करावं ते कळत नाही.

मला आबा आठवतात ते मात्र ऑपरेशननंतरच्या एका सकाळचे. पारोळ्याला बहिणीकडे जायचं होतं. एकट्याने जाणार म्हणाले. मी स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. गाड्यांची ही गर्दी. सवयीने मी पुढे झालो, कोणती गाडी ते बघायला, तर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला.

"थांब. मी वाचस."

डोळे बारीक करून उभे राहिले. एका गाडीच्या पाटीवर नजर लावली. ओठ हलले. "धु... ळे. मार्गे एरंडोल. पारोळा." मग चढले. मी खालून बघत होतो. त्यांना खिडकीची जागा मिळाली.

शेजारच्या सीटवर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर धरून बसली होती. तिने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "भाऊ, हाई पारोळानीच शे ना? माले वाचता येत नही."

"पारोळानीच," आबा म्हणाले. "मी वाची शे."

गाडी हलली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. स्टँडसमोरच्या दुकानांच्या पाट्या ते तिला एकेक करून बोट दाखवत वाचून दाखवत होते, ती विचारत नव्हती तरी, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचं बोट खिडकीबाहेर होतं.